संत्र्याच्या झाडाखाली कोण राहतं?

हा भाग ज्यांना कानानं ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी ही लिहिलेली आवृत्ती. बोलताना जे जसं आलं ते बरंचसं तसंच ठेवलंय, फक्त माझे खोकले आणि "म्हणजे बघा"ची संख्या कमी केलीय.

आज एका गोष्टीपासून सुरू करतो, जी नागपुरात राहूनही अनेकांना माहीत नसते. नागपुरी संत्र्याच्या झाडाला संत्र्याचं मूळ नसतं.

म्हणजे वर जे झाड दिसतं, ज्याला फळं लागतात, ते संत्रा. पण जमिनीपासून वीतभर उंचीवर, खोडावर नीट बघितलं तर एक जोड दिसतो. त्या जोडाच्या खाली दुसरंच झाड आहे. बहुतेक ठिकाणी ते असतं जंभेरीचं, नाहीतर रंगपूर लिंबाचं. याला आपल्याकडे खुंट म्हणतात. नर्सरीवाले आधी जंभेरीच्या बिया पेरतात, रोप पेन्सिलएवढं जाड झालं की त्याच्या सालीत चीर देतात, आणि चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा काढून त्या चिरेत बसवतात. डोळा फुटला की वरचं जंभेरीचं शेंडं कापून टाकतात. पुढे आयुष्यभर वरचा माणूस वेगळा आणि खालचा वेगळा. वरचा साखर बनवतो, खालचा मातीशी व्यवहार करतो.

आणि आजची गोष्ट त्या खालच्याची आहे. तो मातीशी नेमका कोणता व्यवहार करतो? कुणाला बोलावतो, कुणाला खाऊ घालतो, आणि कधी कधी चोरालाच दार कसं उघडून देतो? हे माणसाला कळायला शंभराहून जास्त वर्षं लागली, आणि त्या इतिहासाचा एक धागा आपल्या नागपुरातून जातो.

नागपुरात संत्रं आलं कसं, तर भोसल्यांच्या बागेत औरंगाबादकडून रोपं आणून लावली आणि तिथून पसरलं, असं सांगतात. नेमकं कोणत्या रघुजीराजांनी आणि कोणत्या साली, यावर दोन-तीन आवृत्त्या ऐकायला मिळतात, म्हणून मी त्यात पडत नाही. आज काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर आणि तिकडे अमरावतीतलं वरूड, मोर्शी, हा सगळा संत्र्याचा पट्टा आहे. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

पण दुसऱ्याच्या मुळावर लिंबू-संत्र्याचं झाड वाढवायची गरज जगाला का पडली? कारण एका रोगाची भीती. एकोणिसाव्या शतकात, १८३०-४० च्या आसपास, पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर संत्र्याची झाडं बुंध्याशी सडून मरायला लागली. खोडातून डिंक गळायचा, साल कुजायची, पानं पिवळी पडायची, झाड जायचं. तोवर अनेक ठिकाणी बी लावून झाड वाढवायची पद्धत होती. मग लोकांनी पाहिलं की आंबट नारिंगाचं मूळ या रोगाला टिकतं. झालं, भूमध्य समुद्रापासून अमेरिकेपर्यंत लोक आंबट नारिंगाच्या खुंटाकडे वळले. त्यांना हे का टिकतं ते ठाऊक नव्हतं. मातीतला गुन्हेगार कोण तेही कळायचं होतं. फक्त मूळ बदललं की झाड जगतं, एवढं त्यांनी ओळखलं होतं. (पुढे १९३० नंतर दक्षिण अमेरिकेत ट्रिस्टेझा नावाचा विषाणू आला आणि त्याच आंबट नारिंगावरची लाखो झाडं गेली. तो वेगळाच भाग होईल.)

आता गुन्हेगार शोधायच्या आधी, जिथे गुन्हा घडतो ती जागा बघू.

१९०४ साली लोरेंझ हिल्टनर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं एका व्याख्यानात एक शब्द वापरला: ऱ्हायझोस्फिअर. मराठीत आपण मूळपरिसर म्हणू. मुळाला चिकटून असलेली काही मिलिमीटरची माती. बाहेरच्या मातीत आणि या मातीत जमीन-अस्मानाचा फरक. इथे जिवाणू साधारण दहा ते शंभरपट जास्त. कारण मूळ गळतं. शब्दशः गळतं. साखर, आम्लं, अमिनो आम्लं, टोकाशी एक बुळबुळीत चिकट पदार्थ, सुटून पडणाऱ्या पेशी. झाडानं पानांत दिवसभर उन्हात जे कमावलं, त्यातला मोठा वाटा, काही अंदाजांनुसार पाचव्या हिश्शापर्यंत, असा जमिनीखालच्या सोबत्यांवर खर्च होतो.

हिल्टनरची मला आवडणारी गोष्ट अशी की तो भाबडा नव्हता. त्याचं म्हणणं साधारण असं होतं: मूळ जर आपल्या स्रावानं उपयोगी जिवाणूंना ओढून घेत असेल, तर त्याच वासानं नको ते पाहुणेही येणार. लग्नाचा मांडव घातला की जेवायला कोण कोण येतं ते आपल्याला माहीत आहे.

आणि आणखी एक. आज कृषी केंद्रात जी जिवाणूंची बाटली मिळते ना, त्या धंद्याचा एक पूर्वज हाच हिल्टनर. १८९०च्या दशकात त्यानं आणि त्याचे गुरू नोब्बे यांनी शेंगावर्गीय पिकांच्या मुळांवर गाठी बनवणाऱ्या जिवाणूंचं कल्चर पेटंट करून विकायला काढलं होतं. नाव होतं निट्राजिन. कुठे चालायचं, कुठे नाही. तेच जिवाणू, तीच बाटली, पण एका शेतात गुण आणि दुसऱ्यात शून्य. मग ज्या माणसानं बाटली विकली, तोच पुढे मुळाकडे बघायला लागला.

आता इकडे या. १९०५ मध्ये बिहारातल्या पुसा इथे इंग्रजांनी शेती संशोधनाची मोठी संस्था काढली. तिथे बुरशीतज्ज्ञ बटलरच्या हाताखाली जहांगीर फर्दुनजी दस्तुर नावाचा एक तरुण पारशी काम करत होता. एरंडीच्या झाडावर एक रोग यायचा, त्याचा अभ्यास करताना दस्तुरांना एक नवा जीव सापडला. १९१३ साली त्यांनी त्याचं वर्णन छापलं आणि नाव दिलं फायटोप्थोरा पॅरासिटिका. ग्रीकमध्ये फायटोप्थोरा म्हणजे झाडांचा नाश करणारा. हे कुळाचं नाव आधीचंच, १८७६ मधलं, आयर्लंडमध्ये १८४५ पासून दुष्काळ घडवणाऱ्या बटाट्याच्या करप्याच्या जीवाला दिलेलं. दस्तुरांचा त्याच खानदानातला.

पुढे दस्तुर मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे सरकारी बुरशीतज्ज्ञ झाले आणि नागपुरात आले. १९३५ साली त्यांनी मध्य प्रांतातल्या पानवेलींच्या रोगांवर मोठा निबंध लिहिला. पानवेल म्हणजे आपलं विड्याचं पान, आणि विदर्भात पानमळे म्हटलं की रामटेक आठवतंच. पानमळ्यात सावली, ओल, सतत पाणी. तिथेही मुळं आणि वेली कुजवणारा हाच फायटोप्थोरा.

नागपुरातल्या पारशी शास्त्रज्ञाच्या नावावर असलेला तोच जीव नागपुरी संत्र्याचा सर्वांत मोठा मातीतला शत्रू निघाला. डिंक्या, पायकूज, मूळकूज, ही सगळी त्याची आणि त्याच्या एक-दोन भावंडांची करणी. आता शास्त्रीय नियमानं त्याचं नाव बदललंय. तंबाखूवर १८९६ मध्येच कुणीतरी हाच जीव वर्णन केला होता, जुनं नाव जिंकतं, म्हणून तो आता फायटोप्थोरा निकोशियाने. पण बागाईतदारांच्या मेळाव्यात अजून "पॅरासिटिका" कानावर येतं. दस्तुरांचं नाव मात्र कुणी घेत नाही. नागपुरात कितीतरी चौकांना नावं आहेत, असो.

हा जीव काम कसा करतो, इथे जरा थांबू, कारण खरी गंमत इथे आहे. गंमत म्हणजे, ज्याचा बगीचा आहे त्याला नाही.

फायटोप्थोराला लोक बुरशी म्हणतात, पण तो खरा बुरशी नाही. वंशावळीत तो शेवाळांच्या जवळचा. त्याची बीजं पोहतात. दोन बारीक शेपट्या असतात, आणि मातीच्या कणांमधल्या पाण्यातून ती मुळाकडे पोहत जातात. डोळे नाहीत, मेंदू नाही, मग कळतं कसं? मुळातून गळणाऱ्या साखरेच्या आणि अमिनो आम्लांच्या वासानं. सगळ्यात जास्त गळती मुळाच्या टोकामागे, जिथे मूळ लांब होत असतं. बरोब्बर तिथे जाऊन ही बीजं चिकटतात, शेपट्या टाकून देतात, आणि आत शिरतात.

आता काळ्या मातीत पाणी साचलं की काय होतं बघा. मुळाला हवा मिळत नाही. हवा नसली की मुळाच्या पेशी दुसऱ्या मार्गानं ऊर्जा काढतात आणि त्यात अल्कोहोल तयार होतं, तेच दारूतलं. ते बाहेर गळतं. आणि १९७०च्या दशकात असं दिसून आलं की फायटोप्थोराच्या पोहणाऱ्या बीजांना या अल्कोहोलचा वासही ओढून घेतो. म्हणजे गुदमरलेलं मूळ मदतीसाठी हाक मारतं आणि ती हाक ऐकून मारेकरी येतो. वर पाणीही साचलेलंच असतं, पोहायला रस्ता तयार.

आमच्या घरच्या बगीच्याची गोष्ट सांगतो. माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, काटोलजवळ शेती करतात. चौदा वर्षांची झाडं होती, फळावर आलेली, ज्या वयात संत्रं घराला पैसा देतं. दोन पावसाळे लागोपाठ जोराचे झाले आणि झाडं एकेक करून सुकायला लागली. आधी शेंडे, मग फांद्या. फळं तर आदल्या वर्षी नेहमीपेक्षा जास्त लागली होती, मरणारं झाड कधी कधी असं करतं. मी नागपुरातून गेलो, मोबाईल काढला, पानांचे फोटो काढायला लागलो. मोठेबाबा म्हणाले, "पानाचे फोटू काऊन काढून राह्यला? झाड वरून नाई मरत बाबू, खालून मरते." आणि त्यांनी टोंगळ्यावर बसून माती उकरली, एक केसाएवढी मुळी चिमटीत धरून ओढली. तिची साल मोज्यासारखी सरकून हातात आली आणि मागे एक पांढरा दोरा उरला.

तो मोजा ही फायटोप्थोराची सही आहे. मुळीचा बाहेरचा थर कुजतो, आतली तार तेवढी राहते. झाडाचं खाणं-पिणं याच केसाएवढ्या मुळ्यांतून चालतं. त्या गेल्या की जाड मुळं शाबूत असूनही झाड उपाशी.

मग उपाय सुरू झाले. बुंध्याला बोर्डो मलम, ते तर जुनंच, चुना आणि मोरचुदाचं मिश्रण, फ्रान्समध्ये १८८५ च्या सुमारास द्राक्षांसाठी निघालेलं. ते खोडाला वाचवतं, खोल गेलेल्या मुळ्यांना नाही. मग एक दुकानदार आला, तीन बाटल्या देऊन गेला, तिन्हींवर झाडांपेक्षा हिरवी चित्रं. तिन्ही ओतल्या. जमीन तशीच ओली चिप्प, पाणी तसंच बुंध्याला लागलेलं. झाडं जायची ती गेली.

इथे मला एक मत मांडू द्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या शेती ग्रुपवर कायम दोन पार्ट्या असतात. एक म्हणते माती निर्जंतुक करा, औषध ओता, सगळं मारून टाका. दुसरी म्हणते जिवाणू ओता, सगळं आपोआप होईल. दोघांनाही माती म्हणजे एक रिकामं भांडं वाटतं, ज्यात आपण हवं ते भरायचं. भांडं भरायचं काम तर मूळ करतंय, रोज, प्रत्येक मिनिटाला.

"सगळं मारून टाका" हा प्रयोग अमेरिकेत झालेला आहे, तोही लिंबूवर्गीय रोपांवरच. तिथल्या नर्सऱ्यांमध्ये रोगाच्या भीतीनं वाफ्यांतल्या मातीत विषारी वायू सोडायची पद्धत पडली. माती एकदम स्वच्छ. सूत्रकृमी मेले, फायटोप्थोरा मेला. आणि त्या स्वच्छ मातीत संत्रा-लिंबाची रोपं खुजी राहिली. पिवळट, हातभरही वाढेनात. लोकांना वाटलं वायूचं विष मातीत उरलं असणार. खतं दिली तर, विशेषतः स्फुरद भरपूर ओतलं तर, थोडी सुधारायची. १९७२ साली क्लाइनश्मिट आणि गर्डमान या दोघांनी दाखवलं की विष वगैरे काही उरलेलं नाही. मातीत एक मित्र होता, तो शत्रूंबरोबर मारला गेला. त्याला परत आणून मुळाशी ठेवलं की रोप वाढायला लागतं.

तो मित्र म्हणजे मायकोरायझा. हा शब्द १८८५ मध्ये अल्बर्ट फ्रँक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं बनवला, अर्थ बुरशी-मूळ. आपल्या संत्र्याच्या मुळाशी जो प्रकार असतो त्यात बुरशीचे धागे मुळाच्या पेशींमध्ये शिरून छोट्या झुडपासारखे फाटे फोडतात. तिथे देवाणघेवाण चालते. बुरशी बाहेरून स्फुरद आणि जस्त आणून देते, झाड तिला साखर देतं. २०१७ मध्ये कळलं की साखरेबरोबर झाड तिला चरबीही पुरवतं, कारण ती बुरशी स्वतः ती बनवू शकत नाही. हे नातं इतकं जुनं आहे की स्कॉटलंडमधल्या चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या दगड झालेल्या अवशेषांतही तसेच फाटे दिसतात. तेव्हा झाडांना धड मुळंही नव्हती.

लिंबूवर्गीय झाडं तर या बुरशीवर जास्तच अवलंबून, कारण त्यांच्या मुळांवर केशमुळं थोडी आणि आखूड. गव्हासारखं स्वतः मातीत सगळीकडे बोटं घालून शोधणं यांना जमत नाही. त्यात आपल्या काळ्या मातीत चुनखडी जास्त असली की स्फुरद आणि जस्त मातीत असूनही मुळाला मिळत नाहीत. नागपूर भागातल्या बगीच्यांत जस्ताची कमतरता का दिसते याचं एक कारण हेच.

पण मूळ त्या बुरशीला बोलावतं कसं? याचं उत्तर संत्र्यावर सापडलं नाही, ते सापडलं आपल्याच दुसऱ्या पिकाच्या मुळात. म्हणून जरा बगीच्यातून बाहेर पडून कपाशीच्या वावरात चला.

ज्वारीत टारफुला नावाचं एक तण येतं, हे गावाकडच्यांना माहीत असेल. दिसायला गोड, छोटी फुलं, पण ते ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचं रक्त पितं. त्याची बी धुळीसारखी बारीक, वर्षानुवर्षं मातीत झोपून राहते आणि शेजारी योग्य मूळ आलं की मगच उगवते. तिला उठवतं कोण? १९६६ साली अमेरिकेत कपाशीच्या मुळांतून गळलेल्या पाण्यात ते रसायन सापडलं. त्याला स्ट्रिगॉल नाव पडलं. विचित्रच की. कपाशीला टारफुला लागत नाही, तरी तिचं मूळ त्याला उठवणारं रसायन सोडतं. आणि ज्वारीसुद्धा त्याच जातीचं रसायन सोडून स्वतःच्या शत्रूला जागं करते. कोणतं झाड असा वेडेपणा करेल?

चाळीस वर्षं हा प्रश्न तसाच पडून होता. २००५ मध्ये जपानच्या आकियामा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हा निरोप टारफुल्यासाठी नव्हताच. तो मायकोरायझासाठी होता. या रसायनाचा किंचितसा अंश लागला की बुरशीचे धागे जोरात फाटे फोडू लागतात. पुढे हेही दिसलं की झाडाला स्फुरदाची उपासमार झाली की असा निरोप जास्त जातो. टारफुला फक्त चोरून ऐकत होता.

हिल्टनरचा नको असलेला पाहुणा, बघा, शंभर वर्षांनी पुन्हा.

यातून आणखी एक गोष्ट कळते, जी शेतकऱ्याच्या पैशाशी थेट जोडलेली आहे. झाडाला आयतं स्फुरद भरपूर मिळालं की ते हाक मारणं कमी करतं. बुरशीला पोसायचा खर्च कशाला? म्हणून एका हातानं गोण्यांवर गोण्या स्फुरद आणि दुसऱ्या हातानं मायकोरायझाची पुडी, हा व्यवहार फसतो. पुडीतला जीव चांगला असेलही, पण त्याला घरात घेणारा दाराशी उभाच नाही. माझ्या मते बाटल्या-पुड्यांचं अर्धं अपयश इथेच आहे. उरलेल्या अर्ध्यात, बाटलीत जिवंत काही असतं का हाही प्रश्न आहेच.

मग बाहेरून जीव आणून लावणं कधीच चालत नाही का? चालतं. आणि त्याचं उदाहरणही संत्र्याच्या पट्ट्यातच, सावनेर तालुक्यात आहे. गुमगावला मँगनीजची खाण आहे. खाणीतून काढून टाकलेल्या दगड-मुरमाचे ढीग वर्षानुवर्षं उघडे पडलेले, गवतही धड उगवेना. नागपूरच्या नीरी संस्थेतल्या आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे खड्डे करून साखर कारखान्यातली मळी घातली, आणि रोपांच्या मुळांना मायकोरायझाची बीजं, गाठी बनवणारे आणि नत्र पकडणारे जिवाणू लावून झाडं जगवली. तिथे का जमलं? कारण त्या ढिगात आधीचं कुणी नव्हतं. भांडं खरंच रिकामं होतं. शिवाय त्यांनी नुसते जीव सोडले नाहीत, खायला मळी दिली आणि बोलवायला मूळ दिलं. चौदा वर्षांच्या बगीच्यातली माती रिकामी नसते. तिथे प्रत्येक जागा कुणीतरी धरून बसलेलं असतं, नागपुरात भाड्याची खोली शोधताना येतो तसा अनुभव.

कोण कोण बसलेलं असतं, हे आता जनुकं वाचून कळतं. २०१८ मध्ये एक मोठं काम प्रसिद्ध झालं, सहा खंडांतल्या लिंबूवर्गीय झाडांच्या मुळाभोवतीच्या मातीवर. देश वेगळे, माती वेगळी, हवामान वेगळं, तरी मुळाशी जिवाणूंची काही तीच ती घराणी सापडली: स्यूडोमोनास, ब्रॅडिरायझोबियम, बर्कहोल्डेरिया वगैरे. म्हणजे माती कोणतीही असो, लिंबू-संत्र्याचं मूळ त्यातून आपली माणसं हुडकून काढतं.

आणि आता परत त्या जोडापाशी येऊ, खोडावरच्या. नागपुरात "आपली माणसं" निवडणारं मूळ संत्र्याचं नाहीच ना. ते जंभेरीचं आहे.

जंभेरी आपल्याकडे का रुजली ते समजण्यासारखं आहे. रोप झपाट्यानं वाढतं, बी भरपूर मिळतं, एका बीतून आईसारखीच रोपं येतात, मूळ खोल जातं, उन्हाळा काढतं, वर झाड मोठं होतं, फळ जास्त लागतं. नर्सरीवाला खूश, शेतकरी पहिली दहा वर्षं खूश. पण फायटोप्थोरापुढे जंभेरी कच्ची. रंगपूर लिंबू त्या मानानं सोशिक. आणि सर्वांत कणखर आहे त्रिपर्णी नारिंग, चीनकडचं, काट्याकाट्याचं झुडूप. फायटोप्थोराला ते जवळजवळ दाद देत नाही. मग लावा की तेच! तर ते चुनखडीच्या जमिनीत पिवळं पडतं. म्हणजे जो पहारेकरी सर्वांत चांगला, त्याला आपल्या गावचं पाणीच पचत नाही. अमरावती रोडवरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, जी १९८०च्या दशकापासून नागपुरात आहे, तिथे खुंटांवर इतकी वर्षं काम चालू आहे ते याच कोंडीमुळे. वरचं संत्रं नागपुरीच हवं, खालचा माणूस मात्र असा हवा ज्याला काळी माती, चुनखडी, मे महिना आणि फायटोप्थोरा चारही झेपतील.

खुंट एकदा लावला की पंधरा-वीस वर्षं बदलता येत नाही. पाण्याची रीत मात्र उद्या सकाळी बदलता येते. आपल्याकडे आंबिया बहारासाठी झाडाला ताण देतात, महिनाभर पाणी तोडतात. काळी माती सुकते, भेगा पडतात, भेगांमध्ये बारीक मुळ्या तुटतात. तुटलेली मुळी जास्त गळते. मग ताण सोडताना आळं बुंध्यापर्यंत काठोकाठ भरलं की काय होत असेल, ते आता तुम्हीच सांगू शकाल. म्हणून दुहेरी आळं करायला सांगतात: बुंध्याभोवती मातीचं एक कोरडं कडं, आणि पाणी त्याच्या बाहेरच्या कड्यात. ठिबक असेल तर नळी बुंध्यापासून लांब. पावसाळ्यात उताराला चर काढून पाणी बाहेर. याला बाटली लागत नाही, फक्त फावडं लागतं. त्यामुळे याची जाहिरात तुम्हाला कुठेच दिसणार नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी यंदा रोपं घ्यायची असतील तर नर्सरीत दोन गोष्टी बघा. खुंट कोणता ते विचारा, आणि जोड जमिनीपासून किमान वीतभर वर आहे ना ते हातानं मोजा. खाली असला आणि लावताना मातीत गाडला गेला, तर वरच्या संत्र्याची नाजूक साल थेट फायटोप्थोराच्या तोंडाशी जाते. पिशवीतली माती चिखलासारखी वाटली तर दुसरी नर्सरी बघा.

मोठेबाबांनी मेलेल्या झाडांच्या जागी लगेच काही लावलं नाही. दोन हंगाम तिथे ताग पेरून गाडला, आणि उताराला चर काढला. या पावसाळ्यात चाळीस रोपं आणली, अर्धी जंभेरीवरची आणि अर्धी रंगपूर लिंबावरची. कोणत्या ओळीत कोणतं आहे ते त्यांनी माझ्या चुलतबहिणीच्या जुन्या शाळेच्या वहीत लिहून ठेवलंय, कारण त्यांच्या म्हणण्यानुसार, "तुह्या मोबाईलचा काय भरोसा, पाच वर्षांनी राह्यते का?"